आकड्याचे पाय

मागच्या आठवड्यात बाहेरगावच्या एका ऑफिसातून आमच्याकडे गोदामाचं ड्रॉइंग आलं. प्रणालीने ते कंप्युटरवर उघडलं, थोडा वेळ पाहिलं आणि खुर्ची मागे ढकलली. मी नुकताच साइटवरून येऊन चहा ओतून घेत होतो.

"काय झालं वं?" मी विचारलं.

"भिंत काढली सत्तावीस फुटाची आन वरतं आकडा टाइप केला तीस," ती म्हणाली. "भाऊ असते तं आज किती भडकले असते."

भडकले असते हे काही खरं नाही. डोंगरे भाऊ भडकत नसत, त्यांना लागत असे. आपल्याला कुणी चारचौघांत शिवी दिली तर जसा चेहरा होतो, तसा त्यांचा चेहरा असलं ड्रॉइंग पाहून व्हायचा. भाऊ वारले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्या टेबलावर सध्या प्रिंटर ठेवला आहे आणि त्या प्रिंटरकडे पाहिलं की मला राग येतो. त्यात प्रिंटरचा काही दोष नाही, तरी येतो.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंप्युटरवर नकाशा काढताना रेघेची दोन टोकं दाखवली की तिचं माप तो स्वतःच लिहितो. रेघ लहान झाली की आकडा आपोआप लहान होतो. म्हणून आकडा चुकला असेल तर खरा उपाय एकच, रेघ हलवायची. पण रेघ हलवली की तिला चिकटलेली भिंत हलते, भिंतीतलं दार हलतं, वरची तुळई हलते, आणि अख्खी दुपार त्यात जाते. मग माणसं सोपी वाट धरतात. आकड्यावर दोनदा टिचकी मारायची आणि त्याच्या जागी हवा तो आकडा टाइप करायचा. कागद छान दिसतो, त्यावर सही होते, चहा होतो. भोगावं लागतं माझ्यासारख्याला. मी साइट सुपरवायझर. उन्हात दोरी धरून उभा राहणारा. कागदावर मावणारी खोली जमिनीवर का मावत नाही, हे गवंड्याला समजावून सांगणारा.

नामदेव डोंगरे आमच्या ऑफिसात ही असली मापं दुरुस्त करायचे. वाशीमला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमच्या साहेबांचं इंजिनिअरिंगचं ऑफिस आहे. साहेब, भाऊ, प्रणाली आणि मी, एवढाच कारभार. भाऊ जऊळक्याहून पॅसेंजरने यायचे. ठेंगणी मूर्ती, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि बाह्यांची बटणं जेवतानासुद्धा लावलेली. आवाज इतका हळू की फोनवर समोरचा माणूस दर वाक्याला "आँ?" म्हणायचा. त्यांच्या वडिलांच्या पिढीने छप्पन्न साली दीक्षा घेतलेली, आणि शिकून सरळ उभं राहायचं हे त्या घरात कुणी कुणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. बायको, शोभावहिनी, अंगणवाडी सेविका. रोज डब्यात भाकरी आणि झुणका, आणि त्यातली अर्धी भाकरी माझी हे न बोलता ठरलेलं होतं.

बाहेरून आलेली फाइल उघडली की भाऊ पहिली एक गोष्ट करायचे. सगळे आकडे एकदम निवडायचे आणि वरून टाइप केलेलं सगळं पुसून टाकायचे. "पहिले याचे कपडे उतरवू," असं म्हणायचे. मग खरे आकडे वर यायचे. दहा फुटांच्या खोलीच्या जागी नऊ फूट आठ इंच, तीन फुटांच्या दाराच्या जागी दोन फूट सात इंच. चांगला इस्त्रीतला नकाशा पाहता पाहता उघडा पडायचा. भाऊ मग खुर्ची पुढे ओढायचे आणि एकेक रेघ धरून सरकवायला लागायचे.

"आकडा पाहू नोको," नवीन माणसाला ते सांगायचे. "आकडा कायई बोलते. आकड्याचे पाय पाह्य. कुठं टेकले ते पाह्य."

आकड्याचे पाय म्हणजे माप दाखवणाऱ्या रेघेची दोन टोकं. ती भिंतीच्या विटेवर टेकली आहेत की प्लास्टरवर, खांबाच्या मध्यावर की कडेवर, हे त्यांना आधी पाहायचं असे. ह्या एका गोष्टीवर त्यांनी आमचं डोकं इतकं खाल्लं होतं की मी एकदा चिडून म्हणालो, "भाऊ, तुमी लग्नाच्या पत्रिकेतई आधी पायच पाह्यले असतीन."

"नाई," ते शांतपणे म्हणाले, "मी पोरगी पाह्यली. म्हणून टिकलं."

हे खोटं नव्हतं. भाऊंना खोटं बोलता येत नसे आणि त्यापायी त्यांच्याबरोबर राहणं कधी कधी फार कठीण जाई. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. धनज वाशीमहून किती लांब, असं माझ्या गावाबद्दल कुणी त्यांना विचारलं, तर म्हणायचे, "मी मोजलं नाई. गजूले विचारा, त्याचं गाव हाय." साहेबांच्या मुलीच्या लग्नात जेवण कसं झालं असं खुद्द साहेबांनी विचारलं, तर म्हणाले, "वांग्यात मीठ कमी व्हतं. बाकी चांगलं." साहेब हसले, पण त्यांच्या मेहुण्यांनी त्यानंतर भाऊंना कधी ओळख दिली नाही.

ते आयटीआयमध्ये शिकले तेव्हा कंप्युटर नव्हते. उभा बोर्ड, ट्रेसिंगचा कागद आणि शाई. चूक झाली की ब्लेडच्या कोपऱ्याने शाई खरवडायची. भाऊ सांगायचे की तेव्हाही लोक हेच करत. रेघ खरवडायला वेळ लागतो आणि कागद फाटायची भीती असते, म्हणून नुसता आकडा खरवडून दुसरा लिहायचे. "मशीन नवी हाय, गजू. आळस आपल्याच घरचा." पहिल्या नोकरीत त्यांनी एकदा रेघ खरवडता खरवडता कागदाला भोक पाडलं होतं. वरच्या साहेबाने ते सगळ्या ऑफिसला दाखवलं आणि "हे लोक आता ड्रॉइंग काढतीन," असं काहीतरी बोलला. भाऊंनी ते अख्खं ड्रॉइंग नव्या कागदावर पुन्हा काढून दिलं. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, तेही स्टेशनवर गाडीची वाट पाहताना, आणि लगेच डबा उघडून उरलेली भाकरी मला दिली. त्या साहेबाचं नाव मी विचारलं तर म्हणाले, "जाऊ दे ना. रेघ बरोबर आली व्हती."

प्रणाली नवी आली तेव्हाची गोष्ट. रिसोड रस्त्यावरच्या दुकानांच्या ओळीचा नकाशा तिने केला होता. प्रत्येक दुकान साडेदहा फुटांचं, म्हणजे दहा फूट सहा इंच. तिने कंप्युटरला सांगितलं, दहा पॉइंट सहा. आमच्याकडे ही चूक सर्रास होते. माणसं बोलतात फूट आणि इंचांत, मशीन मोजते दशांशात, आणि सहा इंच म्हणजे पॉइंट सहा असं हात आपोआप टाइप करून जातो. एका दुकानात फरक इंचभराचा. पण ओळ लांब होती, आणि शेवटचं दुकान नाल्यावर जाऊन उभं राहत होतं. मी असतो तर दोन शब्द सुनावले असते. भाऊ तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसले.

"फुटात इंच किती?"

"बारा."

"मंग अर्धा फूट म्हंजे?"

तिला लगेच उमगलं आणि ती लाल झाली. "मी आकडे बदलून टाकते, भाऊ. दोन मिनटं."

"आकडे नोको बदलू. दुकानं सरकव. सारी. शेवटच्या दुकानदाराचं शटर तुह्या आकड्यात नाई लागनार, भितीत लागीन."

तिने दुपारभर दुकानं सरकवली. भाऊ तोपर्यंत घरी गेले नाहीत, त्यांची गाडी निघून गेली आणि ते जीपने गेले. आज प्रणाली आमच्याकडची सगळ्यात चांगली ड्राफ्ट्समन आहे, आणि हे मी तिच्या तोंडावर कधी बोललो नाही.

एकदा एक मोठा माणूस घाईत आला. त्याच्या घराच्या नकाशात मागची मोकळी जागा नियमापेक्षा कमी भरत होती. "डोंगरे, फक्त आकडा तेवढा बदलून द्या," तो म्हणाला. भाऊंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "आकडा बदलून देतो. मंग तुमची भीत कोन सरकवीन?" माणूस उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेला. साहेबांनी तिथून भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी साहेबांकडे पाहिलं, आणि ते काम दुसऱ्या ऑफिसात गेलं. आमच्या साहेबांबद्दल मला आदर वाटतो तो अशा दोन-चार दिवसांमुळे. बाकीचे दिवस तेही माणसासारखे माणूस आहेत.

कुठलंही ड्रॉइंग ऑफिसबाहेर जाण्याआधी आमच्याकडे वाचन व्हायचं. ही रीत भाऊंनी लावलेली. एकाने छापलेला कागद घेऊन एका कडेपासून सगळी मापं मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ती मिळवत जायची, आणि शेवटी बेरीज एकूण लांबीशी जुळली पाहिजे. मिळवणारे बहुतेक भाऊच. डोळे मिटून बसायचे. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा. बेरीज चुकली की अंगठा थांबायचा. वाचणाऱ्याला त्याआधीच समजायचं की काहीतरी बिनसलं आहे.

आता केनवडचं सांगतो. तिथे गावकऱ्यांनी पोरांसाठी अभ्यासिका बांधायची ठरवली. परीक्षांची तयारी करणारी पोरं घरी जागा नाही म्हणून देवळाच्या पायरीवर, विहाराच्या ओट्यावर बसायची. मूळ नकाशा कुणीतरी हौसेने करून दिलेला, मापं सगळी विस्कटलेली. तो भाऊंकडे आला. त्यांनी त्याचे कपडे उतरवले, रेघा लावल्या, वाचन झालं, बेरीज जुळली. मी तिकडे जाऊन दोऱ्या लावल्या, खड्डे खोदले. आणि मग काटकोन तपासताना समोरच्या रांगेतला कोपऱ्याचा खांब मागच्या रांगेतल्या खांबासमोर येईना. फूटभर आत जात होता. मी परत मोजलं. मिस्त्रीने मोजलं. आम्ही दोघांनी एकमेकांना शिव्या देऊन झाल्या. मग मी ड्रॉइंग नीट पाहिलं. आकडा टाइप केलेला नव्हता, खराच होता. पण त्याचं एक टोक ह्या खांबाच्या मध्यावर होतं आणि दुसरं, पलीकडच्या खांबावर टेकायच्या ऐवजी, पुढच्या ओट्याच्या कडेवर. वरची एकूण लांबीही त्याच कडेपर्यंत घेतलेली, म्हणून बेरीज जुळली. आणि आकडा जुळवण्यासाठी भाऊंनी बिचारा खांबच आत ओढला होता.

मी फोन केला. "भाऊ, इथं खांब बसून नाई राह्यला."

त्यांनी कोणता खांब, किती आत, एवढंच विचारलं. मग म्हणाले, "मी येतो."

दुपारच्या गाडीने ते एकटेच आले. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला आणि हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकवत नेला, मग परत डावीकडे. जसा एखादा माणूस किल्लीच्या भोकातून खोली पाहतो तसा. मी इतकी वर्षं त्यांच्यासमोर भाकरी खाल्ली होती आणि हे मी पाहिलं नव्हतं.

"काचबिंदू हाय," ते म्हणाले. "थेंब टाकतो. मधातलं दिसते. बाजूचं गेलं." मग कागदावर बोट ठेवून, अगदी हळू: "मले आकडा दिसते, गजू. त्याचे पाय नाई दिसत."

त्यांनी मिस्त्रीला बोलावलं, गावातली दोन म्हातारी माणसं तिथे होती त्यांनाही बोलावलं आणि सांगितलं, "ही चूक माही हाय. याची नाई, मिस्त्रीची नाई. खड्डा परत खना लागीन." म्हातारे म्हणाले, होते भाऊ, एवढं काय त्यात. भाऊ मान हलवत राहिले. मी तोंड फिरवून दोरी गुंडाळायला लागलो, कारण मला रडू येत होतं आणि साइटवर ते बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते ड्रॉइंग पुन्हा दुरुस्त करून दिलं, साहेबांना सगळं सांगितलं आणि "मले मोकळं करा," म्हणाले. साहेबांनी ऐकलं नाही. "डोळे गेले तं गेले, कान हायेत ना तुमचे? वाचनाले बसा." आणि भाऊ बसले. सकाळच्या गाडीने यायचे, प्रणाली वाचायची, ते पेरांवर मिळवायचे. शिकवायचे, विचारायचे, "हे माप कुठून कुठं? टोक सांग." काही महिने हे चांगलं चाललं असं मला वाटत होतं. मी बहुतेक साइटवर असायचो.

एक दिवस मी ऑफिसात होतो. प्रणाली एका दवाखान्याचा नकाशा वाचत होती. पहिला कागद झाला. दुसऱ्या कागदावर मध्येच भाऊंचा अंगठा थांबला.

"इथं सहा इंच जास्त हायेत."

"हो, भाऊ!" प्रणाली म्हणाली. "बरं झालं तुमी पकडलं. सुटलंच असतं."

भाऊंनी डोळे उघडले. ते तिच्याकडे वळले, पण तिच्या चेहऱ्यापासून जरा बाजूला पाहत होते.

"प्रणाली, एक विचारू? मागच्या नकाशातई चूक दुसऱ्याच कागदावर व्हती. त्याच्या आधीच्यातई. आन सहा इंचाचीच व्हती. चुका अशा नसतात येत, बाई. चुका कुठूनई येतात."

प्रणालीने हातातला कागद टेबलावर पालथा ठेवला. साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले होते.

"भाऊ, तिले म्याच सांगतलं," साहेब म्हणाले. "तुमाले बरं वाटावं म्हणून. तुमच्याबिगर ऑफिस चालत नाई, हे तुमाले..."

"तुमी माह्यासाठी चूक पेरून ठेवता?" भाऊंनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच हळू होता. "मी आंधळा व्हऊन राह्यलो, साहेब. लेकरू नाई व्हऊन राह्यलो."

मग ते उठले, खुंटीवरची पिशवी चाचपून घेतली, डबा तिच्यात टाकला. प्रणाली रडत त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "तुह्यावर राग नाई," म्हणाले. नव्हताच. पण थांबलेही नाहीत.

मी त्यांना मोटरसायकलवर स्टेशनला सोडलं. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर ते बोलले, आणि ते बोलणं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"डोये गेले त्याची सवय व्हईन, गजू. मानसाले कशाचीई सवय व्हते. पन आता जे लोक सांगतीन ते मले खरं धरा लागते. मी कुठं जाऊन मोजू? शोभा म्हनते, आज तुमचे डोये बरे दिसून राह्यले. शेजारी म्हनते, दिसन भाऊ, दिसन. मायेनं बोलतात, मले समजते. पन सारे जन माह्यासाठी आकडा टाइप करून राह्यले, गजू. मंग मी उभा कुठं राहू?"

फलाटावर एक बाई मक्याची कणसं भाजत होती, तिच्याकडे पाहत बसलो.

"तू नोको करजो," ते म्हणाले.

"नाई करत," मी म्हणालो. सोपं वाटलं तेव्हा.

त्यानंतर ते घरीच असायचे. मी जऊळक्याला जाऊन यायचो. पहिल्या पहिल्यांदा "जयभीम भाऊ" म्हटलं की आवाजावरून ओळखून हसायचे आणि कोणती साइट, किती झालं, विचारायचे. पुढे ते विचारणंच बंद झालं. वहिनी एकदा दाराशी येऊन मला म्हणाल्या, "भाऊजी, हे आता काईच विचारत नाईत. पाऊस येईन का, किती वाजले, कोन आलं, काई नाई. मी विचारलं काहून, तं म्हनते, विचारलं का लोक चांगलंच सांगतात." आयुष्यभर टोक कुठे, टोक कुठे म्हणून सगळ्यांना छळणारा माणूस प्रश्न विचारणं सोडून खाटेवर बसला होता. डोळे जाण्यापेक्षा मला ते वाईट वाटलं. मी तिथे जायचो आणि परत येताना रस्ताभर स्वतःशीच भांडत यायचो.

केनवडची अभ्यासिका तोवर पूर्ण झाली होती. उद्घाटनाला भाऊंना बोलावलं तेव्हा ते गेले नाहीत. मग एके दिवशी अचानक त्यांचाच फोन. "गजू, केनवडले नेतं काय? मोजाची फीत घेऊन येजो. मोठी."

मागे बसवून नेलं त्यांना. रस्ताभर माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट होता. आम्ही पोचलो तेव्हा आत पोरं-पोरी माना खाली घालून वाचत होती, पंख्यांचा आवाज येत होता. भाऊ ओट्यावर चढले. दाराशी उभं राहून त्यांनी तो पानं उलटण्याचा आवाज थोडा वेळ ऐकला. मग म्हणाले, "तो खांब दाखव."

मी त्यांना समोरच्या रांगेतल्या कोपऱ्याच्या खांबापाशी नेलं. फितीचं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते खांबाला लावून अंगठ्याने दाबून धरलं.

"याच्यापासून पलीकडच्या खांबापर्यंत मोकळं माप. प्लास्टर धरून अकरा फूट यायले पायजे. पाह्य."

मी फीत सोडत पलीकडच्या खांबापर्यंत गेलो, ताणली आणि वाकून पाहिलं. दहा फूट साडेदहा इंच.

मी परत पाहिलं. फीत लोंबत नव्हती. दीड इंच कमी होता, आणि तो दीड इंच बांधकामात हरवला होता की भाऊंनी शेवटच्या दुरुस्तीत हरवला होता, हे मला तिथे उभं राहून सांगता येत नव्हतं. भाऊ भिंतीकडे तोंड करून, मान थोडी कलती करून उभे होते. त्यांचा अंगठा दाबून पांढरा पडला होता. हे त्यांचं शेवटचं ड्रॉइंग. यानंतर ते कधी काही मोजायला येणार नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. दीड इंचाने ही इमारत पडणार नव्हती. अकरा म्हटलं असतं तर तो माणूस समाधानाने घरी गेला असता. खरंच सांगतो, अकरा हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता, आणि स्टेशनवर मी काय कबूल केलं ते मला त्या क्षणी अन्यायाचं वाटलं.

"वाच ना," ते म्हणाले.

"दहा फूट साडेदहा इंच, भाऊ."

आतून कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"परत वाच."

"दहा फूट साडेदहा. दीड इंच कमी हाय."

मला वाटलं ते खाली बसतील. पण त्यांनी मान वळवली, मी जिथे उभा होतो त्या बाजूला, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा मी उजळलेला पाहिला. "बरं केलं," ते म्हणाले. आणि लगेच, कधी नव्हे तो आवाज चढवून, ऑफिसात नव्या माणसाला विचारायचे तसे: "फितीचं टोक कुठं हाय तुह्यं? कडेले की आत? मिस्त्रीनं प्लास्टर कोनाकडून आनलं? खालतं मोजलं की वरतं? बोल ना!"

मी सांगत गेलो. ते विचारत गेले. त्यांच्या हातातलं टोक कधी सुटलं ते त्यांना कळलंही नाही. फीत ओट्यावर पडून माझ्याकडे सरपटत आली. भाऊंनी शर्टाच्या बाह्यांची बटणं सोडली, बाह्या कोपरापर्यंत वर ओढल्या आणि दोन्ही तळवे खांबावर टेकवले. मग खालून वर, वरून खाली, प्लास्टरवरून बोटं फिरवत, मध्येच कान लावून, बोटाच्या गाठीने ठोकून पाहत ते त्या खांबाभोवती फिरायला लागले. खिडकीतून दोन पोरी पुस्तक बंद करून पाहत होत्या.

मी जवळ जायला निघालो तर त्यांनी हात वर करून मला अडवलं.

"थांब तिथंच," ते म्हणाले. "दीड इंच कुठं गेला, ते पाह्यतो मी."